पाडणं आणि पडणं

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना मार्शल आर्टचे धडे द्यावेत का? माझं उत्तर आहे, जरूर द्यावेत. आणि आज तिथे ते ज्या रीतीनं दिले जातात, त्या रीतीला माझा सक्त विरोध आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईच्या तोंडी कशी, असं तुम्ही विचाराल. म्हणूनच हा लेख. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आता मी कोण? मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली, सत्तरी कधीच ओलांडलेली मास्तरीण. मला या धसमुसळ्या खेळाशी काय देणंघेणं? आहे ना देणंघेणं! माझा नातू टेक्सासमधल्या एका शाळेच्या संघात हा खेळ खेळतो. पंधरा वर्षांचा आहे. गेली तीन वर्षं मी त्याचे सामने कधी तिथे बसून, कधी इथून संगणकावर पाहते आहे. आणि मास्तरकीची खोड अशी की कुणी काही शिकवताना दिसलं, की "काय शिकवतोय" याच्या आधी "काय शिकवायचं राहिलं" हे माझ्या डोळ्यांत भरतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नाव फुटबॉल असलं तरी यात पायाचं काम थोडं, हाताचं आणि अंगाचं फार. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू खेळात आला की समोरासमोर, हातभर अंतरावर वाकून उभे असलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात. चेंडू असलेल्या संघाचे पाच लाइनमन आपल्या क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभे असतात, आणि समोरचे गडी ती भिंत फोडून त्याला गाठायला बघतात. त्यासाठी मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून जमिनीवर आणणं म्हणजे टॅकल. म्हणजे या खेळात दोनच मोठी कामं आहेत. हातघाई करणं, आणि पाडणं. दोन्ही कामं पूर्वेकडच्या आखाड्यांत शतकानुशतकं चालत आलेली. तेव्हा हा खेळ खेळणारे मार्शल आर्टच्या दारात गेले यात नवल नाही, इतका उशीर का लागला याचं नवल.

या हातघाईचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्स संघात डीकन जोन्स नावाचा एक जबरदस्त गडी होता. चेंडू हलला की तो समोरच्याच्या हेल्मेटवर, कानाच्या बाजूला, सणसणीत चपराक मारायचा. समोरच्याला क्षणभर काही सुचायचं नाही, तेवढ्यात हा पार. बाकीच्यांनीही ही युक्ती उचलली. शेवटी १९७७ साली डोक्यावरच्या या चपराकीवर बंदी आली. पुढच्याच वर्षी, १९७८ला, दुसरा नियम बदलला. पास अडवणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. म्हणजे बघा, एका बाजूचं मुख्य हत्यार गेलं आणि दुसऱ्या बाजूच्या हाताला बळ मिळालं. आता छातीवर येणारे ते पंजे झटकायचे कसे, हा हल्ला करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न झाला.

डॅलस काउबॉईज संघाचे व्यायाम-प्रशिक्षक बॉब वॉर्ड यांनी या प्रश्नाचं उत्तर संघाबाहेर शोधलं. त्यांनी डॅन इनोसांटो यांना बोलावलं. हे इनोसांटो म्हणजे ब्रूस लीचे शिष्य आणि सहकारी, शिवाय फिलिपिन्सच्या काठीविद्येचे मोठे जाणकार. दोन काठ्यांनी समोरच्याशी ठरावीक तालात टोले द्यायचे-घ्यायचे, समोरचा हात कुठून येतोय हे डोळ्यांआधी मनगटाला कळलं पाहिजे, आलेला हात अडवून थांबायचं नाही तर त्याच हालचालीत बाजूला सारून आत शिरायचं... असलं हे शिक्षण. त्या संघातला रँडी व्हाइट हा गडी या विद्येत रमला. तो आधीच मोठा खेळाडू होता, १९७८च्या सुपर बोलचा एक मानकरी. पण चौदा हंगाम त्या आघाडीच्या ओळीत टिकून राहिला, आणि १९९४ साली त्याचं नाव या खेळाच्या सन्मान-दालनात लागलं. पुढे मिश्र मार्शल आर्टचा विजेता रँडी कूटूर आणि क्रीडा-पत्रकार जे ग्लेझर यांनी फुटबॉलपटूंसाठी अशाच तालमी घेतल्या. त्यांच्याकडे शिकलेल्या जॅरेड ॲलननं २०११च्या एका हंगामात क्वार्टरबॅकला बावीस वेळा गाठून पाडलं.

"ही सगळी नाचगाणी हो, हा ताकदीचा खेळ आहे" असं म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांना मी स्टीफन नीलचं नाव सांगते. हा मुळातला कुस्तीगीर. १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीचा हेवीवेट विजेता, आणि १९९९चा जगज्जेता. कॉलेजात असताना फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. असा माणूस न्यू इंग्लंड पेट्रियट्ससारख्या संघात आघाडीचा लाइनमन झाला आणि तीन वेळा विजेत्या ठरलेल्या संघाचा भाग होता. त्याला फुटबॉल नंतर शिकवता आला. पण समोरच्याचा तोल कुठे आहे हे अंगाला कळणं, कंबर खाली ठेवून ढकलणं, हे त्याच्याकडे आधीच होतं. ते नुसत्या ताकदीनं येत नाही.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे असताना नातू शनिवारी सकाळी एका वर्गाला जायचा. खास फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी मार्शल आर्टचा वर्ग, फी भक्कम. मी दोन शनिवार कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. शिकवणारा तरुण चांगला होता, मेहनती होता, त्याबद्दल वाद नाही. दोन तास मुलं मनगटं झटकत होती, कोपर वर करून समोरच्याचा हात तोडत होती, खांद्याखालून हात घालून निसटत होती. घरी येताना गाडीत मी नातवाला विचारलं, "अरे, पडायला कधी शिकवतात?"

तो हसला. म्हणाला, "आजी, पडायला नाही गं, पाडायला."

मराठी छान बोलतो हो! नेमका शब्द त्यानं उचलला, आणि सगळा घोळ त्या एका कान्यात आहे.

ज्युदोचं उदाहरण घ्या. कानो जिगोरो नावाच्या एका शिक्षकानं (होय, ते पेशानं शिक्षकच होते) १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात आपली शाळा सुरू केली. तिचं नाव कोदोकान. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार त्यांनी खुल्या सरावातून काढून टाकले, म्हणून मुलं रोज पूर्ण जोर लावून एकमेकांशी झुंजू शकली. आणि ज्युदोच्या वर्गात पहिला धडा कुठला? समोरच्याला उचलून टाकायचा नव्हे, स्वतः पडायचा. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठीची गोलाई करायची. ताठ हात जमिनीवर टेकवायचा नाही, नाहीतर मनगट नाहीतर खांदा जातो. श्वास सोडायचा. हे शेकडो, हजारो वेळा. मागे, बाजूला, पुढे. आणि पाडणाऱ्यालाही दुसरा धडा असतो. ज्याला टाकलं त्याची बाही सोडायची नाही, शेवटच्या क्षणी वर ओढून धरायची, म्हणजे तो नीट पडतो. कानोंनी ज्युदोची जी दोन तत्त्वं सांगितली त्यातलं एक शक्तीचा नेमका वापर, आणि दुसरं, आपलं आणि समोरच्याचं दोघांचंही भलं. फुटबॉलवाल्यांनी पहिलं उचललं आणि दुसरं तिथंच ठेवलं. आपल्याकडे याला अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात.

कुणी म्हणेल, बाई, हे सगळं जपानी अध्यात्म झालं, मैदानावर शंभर किलोचा गडी धावत अंगावर येतो तेव्हा कसली बाही आणि कसलं भलं! म्हणून मी अमेरिकेतलंच उदाहरण देते. तिथल्या शाळा-कॉलेजांत जी कुस्ती चालते तिचा एक साधा नियम आहे. समोरच्याला जो उचलेल, त्याला सुखरूप मॅटवर आणण्याची जबाबदारीही त्याचीच. आपटलं तर दंड. एका ओळीचा नियम, पण केवढा अर्थ भरलाय त्यात! आणि गंमत अशी की फुटबॉल खेळणारी कितीतरी मुलं हिवाळ्यात त्याच शाळेत कुस्ती खेळतात. तीच मुलं, तीच शाळा. डिसेंबरात जे पाप आहे ते सप्टेंबरात पराक्रम कसा होतो?

आता डोक्याकडे येऊ, कारण खरं पणाला लागलंय ते डोकं.

हेल्मेट कवटी वाचवतं. पण कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याला हेल्मेट काही करू शकत नाही. २००२ साली पिट्सबर्ग संघाचा माजी सेंटर माइक वेब्स्टर पन्नाशीतच वारला. शेवटची वर्षं फार हालाखीत गेली होती. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि २००५ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यानं हा खेळ हादरला. वारंवार बसलेल्या माराने मेंदू झिजत जाण्याचा तो आजार, ज्याला सीटीई म्हणतात. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये खेळून गेलेल्या १११ जणांचे मेंदू तपासल्याचं जाहीर केलं, त्यांतल्या ११० मध्ये हा आजार होता. हे मेंदू त्यांच्या घरच्यांनी शंका आल्यामुळे दान केलेले होते, तेव्हा दर शंभरात नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ कुणी काढू नये. पण २०१९ चा त्यांचाच दुसरा निष्कर्ष मला जास्त भिववतो. हा खेळ जितकी वर्षं खेळाल तितका धोका वाढत जातो, दर वर्षामागे सुमारे ३० टक्क्यांनी. म्हणजे एखादाच मोठा अपघात नव्हे, रोजचे छोटे धक्के साठत जातात. पंधराव्या वर्षी खातं उघडलं की ठेव वाढतच जाणार!

आणि हे धक्के कमी करता येतात. १९७६ साली तिथल्या शाळा-कॉलेजांच्या नियमांत डोकं भाल्यासारखं पुढे करून धडकायला बंदी झाली, आणि मान मोडून कायमचे लुळे होणाऱ्या मुलांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत झपाट्यानं उतरलं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात एरिक स्वार्ट्झ यांनी एक सोपा प्रयोग केला. सरावाचा थोडा वेळ मुलांना हेल्मेटशिवाय टॅकल शिकवलं. डोक्यावर काही नाही म्हटल्यावर डोकं आपोआप बाजूला जायला शिकतं! २०१५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले, तेव्हा हंगामाच्या अखेरीस त्या मुलांच्या डोक्याला बसणारे धक्के इतरांपेक्षा चतुर्थांशाहून अधिक कमी झाले होते. मंडळी, आपल्या कबड्डीत पकड करणाऱ्याला हे कोण शिकवतं? डोक्यावर काही नाही हीच त्याची शिकवण. चढाई करणाऱ्याच्या गुडघ्यासमोर डोकं नेलं तर काय होतं ते आमच्या शाळेच्या मैदानावर पाचवीतल्या पोरालाही ठाऊक होतं.

सिॲटल सीहॉक्सचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी २०१४ मध्ये खांद्यानं टॅकल करण्याची आपली पद्धत चित्रफितीत मांडून जगजाहीर केली. डोकं बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हातांनी पाय कवळायचे आणि ढकलत न्यायचं. त्यांनी ती रग्बीवरून घेतली, पण आपला कुठलाही पैलवान बघून म्हणेल, "अहो, हा तर दुहेरी पट!" आणि "असं मऊ खेळून सामने जिंकता येत नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी आठवण: त्याच वर्षी फेब्रुवारीत या संघानं सुपर बोल ४३-८ असा जिंकला होता. डार्टमथ कॉलेजच्या बडी टीव्हन्स यांनी तर २०१० पासून सरावात आपल्याच मुलांना एकमेकांना पाडायला बंदी घातली. गाद्यांवर आणि पुतळ्यांवर तंत्र घोटून घेतलं. लोक हसले. त्या संघानं पुढे २०१५, २०१९ आणि २०२१ साली आयव्ही लीगचं अजिंक्यपद मिळवलं, तिन्ही वेळा विभागून, पण मिळवलं.

इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये ज्युदो शिकत होते. शिकवायला खुद्द कानोंचे शिष्य यामाशिता. म्हणजे देशाचा सर्वोच्च माणूस गादीवर पडायला शिकत होता! पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, त्याच व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या फुटबॉलवाल्यांना बोलावून घेतलं, कारण या खेळात पोरं मरत होती. त्या एका हंगामात दीड डझन तरी मेली, अशी त्या वेळच्या वृत्तपत्रांची मोजणी आहे. १९०६ मध्ये नियम बदलले. पुढे चेंडू फेकायची परवानगी मिळाली, गर्दीतली चेंगराचेंगरी कमी झाली, खेळ वाचला. चांगलंच झालं. पण बदलले ते नियम. अंगाला पडण्याचं शिक्षण देणारा गुरू त्याच घरात येऊन गेला होता, त्याची विद्या मात्र मैदानावर उतरली नाही. तेव्हापासून आजवर हा खेळ एकच गोष्ट करत आला आहे. माणसं जायबंदी झाली की नियम करायचा. १९७६ला एक, १९७७ला एक, २०१८ला व्यावसायिक लीगमध्ये डोकं खाली घालून धडकण्यावर एक, २०२४ला मागून कवळून अंगाचा भार पळणाऱ्याच्या पायांवर टाकण्याच्या टॅकलवर एक. वरातीमागून घोडं.

नियम हवेतच. ज्युदोनंही केले. १९८० साली जपानमधल्या एका स्पर्धेत मोठ्या यामाशितांचा (हे दुसरे यामाशिता, १९८४चे ऑलिंपिक विजेते) पाय कात्रीसारख्या एका डावानं मोडला, त्यानंतर तो डाव स्पर्धांतून हद्दपार झाला. पण ज्युदोत नियमाच्या आधी शिक्षण आहे. फुटबॉलमध्ये शिक्षणाच्या जागी नियम आहे, आणि त्यावर तिकडून आता हातांचं तंत्र आणून चिकटवलंय.

आता माझ्या विरोधकांची बाजू. ती मी टाळणार नाही.

पहिला आक्षेप. ज्युदोतलं पडणं मैदानावर जसंच्या तसं चालत नाही. चेंडू कवळलेला गडी जमिनीवर हात आपटणार कुठून? बरोबर आहे. हात आपटायला शिकवा असं मी म्हणतच नाही. हनुवटी आत, पाठ गोल, हात ताठ नाही, आणि जमिनीची भीती नाही, एवढं घ्या. ते अंगात मुरलं की चेंडू कुठेही असो.

दुसरा आक्षेप. वेळ नाही. सराव मोजका, त्यात पडण्यात वेळ कोण घालवणार? मला हा आक्षेप फार ओळखीचा आहे. शाळेत पोर्शन पुरा करायच्या घाईत शुद्धलेखन नेमकं असंच राहून जायचं. २०११च्या करारानंतर व्यावसायिक संघांना पूर्ण संरक्षक साज चढवून हंगामात चौदाच सराव घेता येतात. प्रशिक्षक कुरकुरतात की पोरांना टॅकल करायला येईना. अहो, मग गादीवर घ्या ना! गादीला साज लागत नाही, हेल्मेट लागत नाही, आणि कुस्तीची गादी शाळेत आहेच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. मार्शल आर्ट म्हणजे सुरक्षितता, असं समजणं हाच भ्रम आहे. खरं आहे, आणि याचा पुरावा जपानमधूनच येतो. १९८३ पासून तीसेक वर्षांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुलं दगावली. बरीचशी डोक्याला मार लागून, आणि त्यांत नवशिकी मुलं पुष्कळ. ज्या देशानं जगाला पडायला शिकवलं, त्या देशात! २०१२ला तिथल्या शाळांत मार्शल आर्ट सक्तीचे करायचं ठरलं तेव्हा पालक हबकले ते उगीच नाही. मग माझा मुद्दा कोसळला का? उलट पक्का झाला. विद्या गादीत नसते, पांढऱ्या पोशाखात नसते, ती शिकवणाऱ्यात असते. नवख्या पोराला पडणं पुरतं यायच्या आत कुणी जोरात टाकलं, तर त्याला ज्युदो म्हणा की फुटबॉल, डोकं फुटायचं ते फुटणारच. फ्रान्समध्ये पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर सरकारमान्य पदविका लागते. टेक्सासमध्ये शनिवारी सकाळी फुटबॉलच्या पोरांना 'हात' शिकवायला काय लागतं? एक रिकामं गोडाऊन आणि एक रंगीत फलक.

आणि शेवटचा आक्षेप, जो तिथल्या आपल्या मराठी घरांत सर्रास ऐकू येतो. "कशाला तो खेळ? बुद्धिबळ खेळायला सांगा." मी समजू शकते. माझ्या मुलीनंही ते करून पाहिलं. पण अमेरिकेतल्या हायस्कुलांत सुमारे दहा लाख मुलं हा खेळ खेळतात. शुक्रवारच्या रात्री अख्खं गाव त्या दिव्यांखाली जमलेलं असतं. पंधरा वर्षांच्या पोराला त्यातून ओढून काढणं म्हणजे त्याला त्याच्या वर्गातून, मित्रांतून काढणं. ज्यांना जमेल त्यांनी जरूर काढावं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्यांना जमणार नाही, त्यांच्या पोरांचं काय, एवढाच माझा प्रश्न.

मी कुणाला खोटी आशाही दाखवणार नाही. पडायला उत्तम शिकलेल्या मुलाच्या डोक्यालाही या खेळात धक्के बसणारच. आघाडीच्या ओळीतली ती दर वेळची टक्कर कुठल्याही काठीविद्येनं नाहीशी होणार नाही. पण सगळं वाचवता येत नाही म्हणून जे वाचवता येतं तेही सोडून द्यायचं, हा कुठला न्याय?

म्हणून माझं मागणं साधं आहे. मार्शल आर्ट घ्यायची तर सबंध घ्या. हायस्कूलच्या संघात नाव घातलेल्या प्रत्येक मुलाला हेल्मेट देण्याआधी चार आठवडे गादीवर पडायला शिकवा. ज्याला नीट पडता येत नाही, त्याला कुणाला पाडायची परवानगी नको. पाडायला शिकवताना डोक्यावर काही नसू दे. ज्याला पकडलं त्याला जमिनीवर कसं आणलं, यालाही गुण द्या, नुसतं आणलं की नाही याला नव्हे. आणि मग, त्या सगळ्यानंतर, हातांचं ते नाजूक तंत्र शिकवा. खुशाल शिकवा. तेव्हा मीच टाळ्या वाजवीन.

माझा हा ब्लॉग परदेशातली बरीच मराठी मंडळी वाचतात हे मला ठाऊक आहे. तुमची मुलं, नातवंडं हा खेळ खेळत असतील, आणि अशा वर्गांना तुम्ही फी भरत असाल, तर पुढच्या शनिवारी त्या शिकवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः किती वर्षं, कुणाकडे शिकलात? माझ्या मुलाला पडायला कुठल्या दिवशी शिकवणार? आणि त्यानं दुसऱ्याच्या मुलाला पाडलं, तर त्या मुलाला सांभाळायला त्याला कोण शिकवणार?

तिसऱ्या प्रश्नाला तो नुसता हसला, तर फी परत मागा.